लाल ओळी

"रजा? आणि सिस्टीम मंद झाली तर कोण बघणार?" मोठ्या साहेबांनी अर्ज हातात न घेताच विचारलं.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कंपनीचा डेटाबेस सांभाळणाऱ्या गृहस्थाला सगळे 'वैद्य' म्हणत. रोज अकराच्या सुमारास सिस्टीमने मान टाकली की नाडी बघायला त्यालाच बोलावलं जाई, आणि तोही रोग न कळताच सिस्टीम बंद करून पुन्हा चालू करी. त्यापायी त्याच्या रजा बुडत आल्या होत्या. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्या ताईकडे जायला भरलेली बॅग त्याची बायको आता रिकामीच करत नसे. लागेल तसा एकेक कपडा तिच्यातून काढून वापरी. या वेळी मात्र तिने बजावलं होतं, "अहो, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन, आणि ताईला खरं कारण सांगेन." ताईला सांगणं म्हणजे सगळ्या सासुरवाडीला सांगणं होतं.

"साहेब, त्यावर उपाय आहे," वैद्य म्हणाला. "एक टूल बसवतो. डेटाबेस कुणाचं काम करतोय, कुठे अडलाय, सगळं स्क्रीनवर दिसेल. हलकं काम हिरव्या ओळीत, जड झालं की लाल. मी नसलो तरी कुणालाही कळेल."

"कोण काय करतंय ते मला दिसेल?" साहेबांचे डोळे चमकले. "बसवा."

टूल बसलं बिनबोभाट. कुणाला किती अधिकार द्यायचा, हे तर वैद्याला किरकोळ काम वाटलं होतं. त्याने सगळ्यांना नुसतं बघायचा अधिकार दिला. साहेबांच्या स्क्रीनवर मात्र, मान राखावा म्हणून, लाल ओळीपुढे 'थांबवा' असं एक बटण ठेवलं. तिथेच माशी शिंकली.

"माझ्या स्क्रीनवर बटण नाही," विक्री मॅनेजर येऊन म्हणाला.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"मला नकोच आहे. पण का नाही?"

त्याला दिलं. ते कळताच अकाउंट्सच्या बाई आल्या. "विक्रीवाल्यांना दिलंत. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?" गोदामप्रमुखाने तर थेट साहेबांकडे गाऱ्हाणं नेलं. बघणं वेगळं आणि हात लावणं वेगळं, हे वैद्य साहेबांना समजावू लागला, तर साहेब म्हणाले, "आपल्याकडे भेदभाव नको. देऊन टाका." संध्याकाळपर्यंत ऑफिसात ज्याला खुर्ची होती त्याला बटणही होतं.

दुसऱ्या दिवशी कुणी काम करेना. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे झाकणाच्या कंपनीला शोभूनही दिसत होतं. अकराला सिस्टीम नेहमीप्रमाणे मंदावली आणि ओळी लाल झाल्या.

"बघा, हा विक्रीवाल्यांचा रिपोर्ट," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो थांबवला. विक्री मॅनेजरने बदला म्हणून बाईंचं पगाराचं काम थांबवलं. त्यात आपलाही पगार आहे, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. गोदामप्रमुखाने दोघांचं थांबवलं, मग दोघांनी मिळून त्याचं. थांबलेलं काम जो तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, त्यामुळे डेटाबेस तेच ते दळण दळत बसला. पावत्या छापल्या जाईनात म्हणून गोदामाच्या दारात ट्रक तुंबले.

साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. "मुळात कुणामुळे अडलंय ते भिंतीवर दाखवा."

वैद्याने दाखवलं. सगळ्यात वर, सगळ्यात लाल अशी एक ओळ होती: कंपनी सुरू झाल्यापासून विकलेली सगळी झाकणं, रंगांनुसार. पुढे लिहिलं होतं, साहेबांची खोली. साहेबांनी कधीकाळी तो रिपोर्ट मागवला होता, आणि तेव्हापासून त्यांचा कॉम्प्युटर रोज अकराला तो इमानेइतबारे काढत होता. साहेबांनी तो एकदाही वाचला नव्हता. ही ओळ सकाळी सगळ्यांनी पाहिली होती आणि तिला वगळून खालच्यांवर बटण चालवलं होतं.

आता बाईंना एकाएकी चष्मा पुसावासा वाटला. विक्री मॅनेजर छताकडे बघू लागला.

"तशी काही फार लाल नाही ही," गोदामप्रमुख म्हणाला.

वैद्याच्या डोळ्यांपुढे ती बॅग आली. त्याने त्या ओळीपुढचं बटण दाबलं. एकेक करत ओळी हिरव्या झाल्या आणि खाली पावत्या छापल्याचा आवाज सुरू झाला. पण भिंतीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे साहेबांकडे बघत होते.

"तुम्ही थांबा," साहेब वैद्याला म्हणाले. बाकीचे पटापट बाहेर पडले. दार लागल्यावर साहेबांनी घसा खाकरला. "तुमचा तो रजेचा अर्ज कुठाय?"

घरी बायकोचा विश्वास बसेना. "आठ दिवस मागितले आणि पंधरा दिले? एवढे दिलदार आहेत तुमचे साहेब?"

"कामावर खूश आहेत," तो म्हणाला आणि बॅगेत टॉवेल कोंबू लागला.

ताईच्या गच्चीत, समुद्राकडे तोंड करून दोघं बसलेली असताना फोन वाजला. पलीकडे गोदामप्रमुख होता. "वैद्य, सिस्टीम पार झोपलीय. ट्रक उभे आहेत."

"स्क्रीनवर लाल काय आहे?"

"आमच्या सगळ्यांच्या ओळी लाल आहेत. सगळ्यात वर साहेबांची ओळ आहे, पण ती तर हिरवीगार आहे."

अर्जावर सही होण्याआधी, साहेबांच्या समोर बसून, काम कितीही जड झालं तरी ती ओळ कायम हिरवीच दिसेल असं करायला वैद्याला फारसा वेळ लागला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती कितीतरी दिवसांनी निवांत बसली होती.

"नेटवर्कचा घोळ असेल," तो म्हणाला आणि फोन बंदच करून टाकला.

"अहो, ऑफिसात काही झालं का?"

"छे," वैद्य म्हणाला. "सगळं हिरवं आहे."