रवा, कणी आणि कुंडलिक

दसऱ्यानंतरच्या सोमवारी शाळा भरली तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीतली पाचही यंत्रं बंद होती. म्हणजे दिवा लागे, पंखा फिरे, मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येई की सीडी वाचता येत नाही, आणि पुढे काहीही होत नसे.

इंद्रायणीबाई थोरातांनी पाचही पुन्हा लावून पाहिली. मग वहीत वेळ लिहिली. जुन्नरच्या त्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या या बाई रागावल्या की आवाज चढवत नसत. त्यांचं अक्षर बारीक होई. त्या दिवशीचं अक्षर वाचायला भिंग लागलं असतं.

रागाला कारण होतं. पुण्याच्या एका कंपनीला दोन वर्षांत तेवीस पत्रं लिहून त्यांनी ही टाकाऊ यंत्रं मिळवली होती. देताना कंपनीने आतल्या हार्ड डिस्क काढून घेतल्या होत्या, आणि उरलेला ऐवज इतका तुटपुंजा होता की विंडोज त्यात उभंसुद्धा राहिलं नसतं. यंत्रं चालत ती सीडीवरून. त्या सीडीत लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली होती, तीही जुन्या यंत्रांसाठी अगदी बारीक केलेली. तिचं नाव कणी. पुढे कणीच्या मंडळींशी भांडून एकजण बाहेर पडला, त्याने तीच प्रणाली घेऊन आणखी बारीक केली, मराठी अक्षरं घातली आणि नाव ठेवलं रवा. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी कणीच्या सीड्या काढून रव्याच्या घातल्या होत्या. मुली पहिल्यांदाच पडद्यावर आपलं नाव मराठीत लिहीत होत्या.

ही बातमी संस्थेचे सचिव सयाजीराव यांच्यापर्यंत पोचायला दुपार लागली नाही. ते स्वतःच आले.

"बाई, मशिनं बंद पडली म्हनं."

"हो. कारण शोधते आहे."

"शोधा. शुक्रवारी बारापत्तोर चालली तर ठीक, न्हाईतर टेम्पो लावतो. निरगुडसरच्या शाखेला हवीच हायती."

"बंद यंत्रं तिथे जाऊन कशी चालतील?"

"न्हाई चालली तरी तिथली मानसं तुमच्यावानी पत्रं लिहीत न्हाईत," असं म्हणून सयाजीराव निघून गेले.

इंद्रायणीबाईंनी वही उघडली. पाच वेगवेगळी यंत्रं एकाच दिवशी आपापली बिघडण्याची शक्यता नगण्य. म्हणजे कारण एकच, आणि ते पाचांत समान. पाचांत समान काय, तर रवा. सीड्या काढून पाहिल्या. त्या स्वच्छ होत्या, कधी नव्हे इतक्या. बाजारातल्या दुकानातून रव्याच्या नव्या पाच सीड्या करून आणल्या, तीच ओळ. कणी घालून पडताळा घ्यावा, तर कणीच्या जुन्या सीड्या शिपाई कुंडलिकने आपल्या द्राक्षबागेत पाखरं हाकायला टांगल्या होत्या आणि त्यांच्यावर ओरखडे पडले होते. तरीही तर्कात कुठे फट नव्हती.

कुंडलिक दारात उभा राहून हे सगळं बघत होता.

"काय सापडलं, बाई?"

"रव्यात दोष आहे."

"जुना झाला की किडं पडत्यात," कुंडलिक म्हणाला आणि घंटा द्यायला गेला.

बाई राहायला नारायणगावला होत्या. संध्याकाळी एसटीतून उतरल्या की स्टँडसमोरच पारसचं इंटरनेटचं दुकान होतं. कापडवाले रिखबचंद यांचा हा मुलगा कापडात रमला नव्हता. दुकानातल्या सहाही यंत्रांवर त्याने कणी घातली होती, कारण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांना विंडोज पुरं पडत नव्हतं. कणी नावाची काही गोष्ट आहे हे बाईंना कळलं ते याच पडद्यांवरून, आणि कणी व रवा वापरणाऱ्या मराठी लोकांचा एक मंच आहे हेही. तिथे प्रश्न टाकायचा, जाणकार उत्तर देतात.

त्यांनी 'थोरात_जुन्नर' या नावाने प्रश्न टाकला. तारीख, वेळ, यंत्रांची क्षमता, रव्याची आवृत्ती, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी, आतापर्यंत केलेले प्रयोग क्रमाने. प्रयोगवहीत लिहावं तसा.

पहिलं उत्तर रवा काढणाऱ्याचंच आलं. तो स्वतःला रवाकार म्हणवत असे. "थोरात भाऊ, आवृत्ती कोणती?"

"पहिल्याच ओळीत लिहिली आहे," बाईंनी उत्तर दिलं.

तेवढ्यात कणीनिष्ठ नावाचा कुणी मध्ये पडला. "घरफोड्यांचा माल वापरला की असंच होणार, थोरातराव. कणीत हा दोष कधीच नव्हता."

"कणीत दोष नव्हता, कारण कणीत काही नव्हतंच," रवाकाराने लिहिलं.

मग मंचाचा नियामक आला आणि म्हणाला की प्रश्न चुकीच्या दालनात विचारला आहे. त्याने तो दुसऱ्या दालनात हलवला. तिथल्या नियामकाने परत पाठवला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत एकसष्ट उत्तरं आली. इंद्रायणीबाईंनी ती मोजली आणि लिहिलं: "एकसष्टपैकी चार उत्तरं माझ्या यंत्रांविषयी आहेत. उरलेली सत्तावन्न दोन वर्षांपूर्वी कुणी कुणाचं काय उचललं याविषयी आहेत. शुक्रवारी बारा वाजता माझी यंत्रं टेम्पोत चढणार आहेत."

"थोरातराव," कणीनिष्ठ म्हणाला, "शिकायला आलात का मोजायला? आधी वाचावं, मग विचारावं."

बाईंनी कळफलकावर बोटं इतक्या जोरात आपटली की शेजारच्या कप्प्यातलं गिऱ्हाईक वाकून बघू लागलं.

बुधवारी रवाकाराने खास त्यांच्यासाठी सुधारलेली आवृत्ती काढली. ती उतरवून घ्यायला पावणेदोन तास लागले. गुरुवारी सकाळी शाळेत लावली, तीच ओळ. संध्याकाळी हे कळवल्यावर रवाकार चिडला. "मग दोष तुमच्या मशिनमध्ये आहे."

"पाचही?"

"पाचही."

"हे सांख्यिकीच्या दृष्टीने अशक्य आहे."

"सांख्यिकी राहू द्या, भाऊ, मी तुमच्यापायी रात्रभर जागलोय."

कणीनिष्ठाने लगेच लिहिलं, "जागून काय झालं, रवा भिजला."

आता बाईंनी सरळ कणीनिष्ठालाच गाठलं. त्या लिहायच्या, त्याचं उत्तर यायचं. त्यांनी लिहिलं की तुम्ही चार दिवसांत एकही उपयोगाची गोष्ट सांगितलेली नाही. त्याने लिहिलं की तुमच्यासारख्या घमेंडी माणसाला सांगून उपयोग नाही. बाई थांबल्या की गल्ल्यावर पारसचा कळफलक खडखडे, आणि त्या लिहू लागल्या की तो थांबे, पण रागाच्या भरात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग भारनियमनाची वीज गेली. सगळे पडदे एकदम विझले.

"गेलं," अंधारातून पारसचा आवाज आला. "इतकं झणझणीत लिवलं व्हतं. त्या थोराताची पार जिरली असती."

इंद्रायणीबाई खुर्चीत ताठ झाल्या. "कोण थोरात?"

"हाय एक जुन्नरचा बाप्या, मॅडम. चार दिवस डोकं खातोय. अक्कल न्हाई आन् वर मोजून दाखवतो."

"मी थोरात."

पारसने मेणबत्ती लावली आणि गल्ल्यावर ठेवली. त्या उजेडात त्याने बाईंकडे नीट पाहिलं. शरमेऐवजी त्याच्या तोंडावर राग होता.

"तुमी? तुमी रवा वापरता?"

"वापरते."

"माझ्या दुकानात बसून? कणीच्या मशिनवर बसून रव्याची बाजू घेता, मॅडम? मी तुम्हाला पंख्याखालची जागा देतो."

"चार दिवस तुम्ही मला मूर्ख म्हणता आहात."

"मी थोराताला म्हणत व्हतो."

"पारस, माझी यंत्रं उद्या जातील. त्या पाचांसाठी मी दोन वर्षं घातली आहेत. तुमचं रवाकाराशी काय असेल ते असो, तुम्हाला काही येत असेल तर सांगा, नसेल तर गप्प बसा."

पारसने मेणबत्तीची वात सरळ केली. मग म्हणाला, "सकाळी येतो. कणी लावून दावतो. एका मिनिटात चालंल. मंग त्याचा फोटो मंचावर टाकतो."

शुक्रवारी दहा वाजता तो मोटरसायकलवरून जुन्नरला आला. पाच कणीच्या सीड्या त्याने नव्या रुमालात गुंडाळून आणल्या होत्या. पहिली घातली. दिवा, पंखा, काळा पडदा, तीच ओळ. दुसऱ्या यंत्रात घातली. तिसऱ्या.

"कणी पन न्हाई?" त्याने हळू विचारलं.

इंद्रायणीबाईंना क्षणभर बरं वाटलं आणि त्याचा त्यांना राग आला. त्यांनी वही उघडून सोमवारच्या पानावर आडवी रेघ मारली. समान गोष्ट रवा नव्हती.

पारसने रागाने पेचकस काढला आणि पहिल्या यंत्राचा सीडी लावायचा खण उचकटून टेबलावर ठेवला. आत सगळं लाल होतं. सीडी वाचणाऱ्या इवल्याशा भिंगावर लाल-पिवळा थर होता आणि कोपऱ्यात दोन तांदूळ.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कुंकू," दारातून कुंडलिक म्हणाला.

दोघं त्याच्याकडे वळले.

"खंडेनवमी नको का करायला? शेतात मोटारीची करतो, फवाऱ्याची करतो, हितल्या घंटेची करतो. ह्यांनी काय पाप केलं? तुमी सुट्टीवर. मंग मीच केली. बटन दाबलं, त्यानं जीभ भायेर काढली. जिभेवर हळद-कुंकू, अक्षता. सीडीलाबी बोट लावलं. मंग चालू केलं, तर लई येळ घरघरलं. मला वाटलं पावलं."

"सीडी फिरली आणि सगळं आत उडालं," पारस कपाळ धरून म्हणाला.

"आणि सीड्या पुसल्या कोणी?"

"मीच. दसऱ्याला. पूजा तशीच ठेवत्यात व्हय?"

इंद्रायणीबाईंचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर ऐकू गेला. "चार दिवस मी इथे डोकं फोडते आहे. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"तुमी मला ईचारलंच न्हाई," कुंडलिक म्हणाला. "तुमी वहीला ईचारत व्हता."

साडेदहा वाजले होते. प्रयोगशाळेतून स्पिरिटची बाटली आणि कापूस आला. पारसने खण उघडायचे, बाईंनी बॅटरी धरायची आणि कुंडलिकने पुसायचं, कारण त्याचा हात सगळ्यांत हलका होता. पावणेबाराला पाचही भिंगं साफ झाली. पारसने कणीच्या सीड्या घालायला घेतल्या, बाईंनी त्या काढून रव्याच्या घातल्या, त्याने पुन्हा काढल्या. दहा मिनिटं उरली तेव्हा तीन यंत्रांत रवा होता आणि दोनांत कणी, आणि पाचही चालत होती.

सयाजीराव आत आले, त्यांनी पाच उजळलेले पडदे पाहिले आणि ते भडकले.

"आता चालली? टेम्पो दारात उभा हाय. निरगुडसरला हार आणल्यात, माईक लावलाय, सरपंच येऊन बसलेत. तिथं काय सांगू?"

"चालली तर ठीक, असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हनलो व्हतो." सयाजीराव जागच्या जागी फिरले. "बरं. मशिनं ऱ्हाऊ द्या. पन आजपासून कॉम्प्युटर शिकवनार आसं मी तिथं बोललोय. माझा शबूद हाय. बाई, तुमची बदली निरगुडसरला. चला, टेम्पोत बसा."

"तिथे कशावर शिकवू?"

"फळा हाय की."

"आणि इथे कोण बघणार?"

सयाजीरावांनी खोलीत नजर फिरवली. कुंडलिक कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन पाचव्या यंत्राशी उभा होता.

"ह्यानंच दुरुस्त केलं न्हवं? मंग झालं."

निरगुडसरला इंद्रायणीबाईंनी पहिल्या दिवशी फळ्यावर कळफलक काढला. सगळी बटणं, मापात. मुली खडूच्या अक्षरांवर बोटं ठेवून आपलं नाव लिहीत आणि तळहात पांढरे करून घरी जात. रोज पुसला जाई, रोज पुन्हा काढावा लागे.

महिन्याभराने त्या पारसच्या दुकानात बसल्या. मंचावर खरी गोष्ट लिहायची राहिली होती. पण ती लिहून झाली होती. 'कुंडलिक_जुन्नर' नावाचा एक नवा सभासद आला होता. पारसनेच त्याला शिकवलं होतं. कुणीही काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर असे: "झाकान खोला. भिंगाला कापूस लावा." आणि निम्म्या लोकांची यंत्रं खरंच चालू होत, कारण जुन्या यंत्रांत धूळच असते. रवाकार आणि कणीनिष्ठ, दोघंही त्याला सर म्हणत होते.

शेवटच्या पानावर पुण्याच्या एका कार्यालयातल्या माणसाने लिहिलं होतं की आमच्याकडे पाच जुनी यंत्रं पडून आहेत, सरांच्या शाळेला द्यायची आहेत. त्याखाली उत्तर होतं: "आमच्याकडं पाच हायती, मला तेवडीच पुसाया झेपत्यात. निरगुडसरला द्या. तिथं आमच्या बाई फळ्यावर कॉम्प्युटर काडत्यात."

यंत्रं डिसेंबरात आली. सोबत पावती होती. इंद्रायणीबाईंनी डाव्या हातात कापूस धरूनच ती वाचली. तारीख चुकली होती, ती सुधारली. तारा आठ लिहिल्या होत्या, सात होत्या, तेही सुधारलं. मग ओळ आली: 'कुंडलिक सर यांच्या मार्गदर्शनाखाली पाच यंत्रे ताब्यात घेतली.'

त्यांनी पेन त्या ओळीवर टेकवला. तीन यंत्रांचे खण टेबलावर उघडे पडले होते, भिंगं पुसून झाली होती आणि हातातला कापूस काळा झाला होता. बाहेर मुली ओळ करून उभ्या होत्या. रागाने बाईंनी पेनाचं टोक कागदात रुतवलं. पण खोडायला शब्द खोटा असावा लागतो.

त्यांनी सही केली आणि चौथा खण उघडला.