अण्णांचं संशोधन

अनगोळातले आमचे शेजारी बसवंतअण्णा लेबल वाचल्याशिवाय काही घेत नाहीत. खडेबाजारात बिस्किटाचा पुडा घ्यायचा तरी खिशातून भिंग काढतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. अण्णा शांतपणे म्हणतात, "पोटात जाणारं हाय. वळख नको व्हय?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून न कळलेली लेबलं माझ्याकडे येतात. एका रविवारी अण्णा बोटाएवढी काचेची कुपी घेऊन आले. तळाशी चिमूटभर पांढरी पूड.

"मास्तर, पेप्टाइड म्हंजे काय हो?"

"प्रथिनाचा छोटा तुकडा. शरीरातही असतात. काहींची औषधंही झालीत."

"ह्यो सांधाबी भरतो आन् वजनबी उतरवतो म्हणं. जिमवाला सांगत हुता. बघितलंय कुणावर?"

मी फोनवर शोधलं. "बहुतेक उंदरांवर, अण्णा. माणसांवर फार थोडं."

अण्णांनी कुपी उजेडात धरली. "दुखायचं थांबलं, हे उंदरानं सांगितलं कसं?"

मी लेबलावर बोट ठेवलं : फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये.

"ते वाचलंय. संशोधनच चाललंय." त्यांनी सदरा वर केला. बेंबीशेजारी सुईचे ठिपके, त्यातला एक लालभडक सुजलेला. "आठ दिस झालं. भूक न्हाय, मळमळतंय. बाकी बरं हाय."

अण्णा मुळात काडीसारखे. सांधेही ठणठणीत. "तुम्हाला कशाला हवं हे?"

त्यांनी शेजारी, पार्वतीआक्कांच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "हिचा गुडघा. ऑपरेशनआधी वजन उतरवा म्हटलंय. तिला टोचायच्या आधी मी बघायला नको?"

मी त्यांना तसंच आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सुजेवर औषध दिलं आणि कुपी काढून घेतली. "आत नेमकं काय आहे, कुणालाच ठाऊक नाही. आणि तुम्हाला सोसलं असतं, तरी आक्कांना सोसेल असं थोडंच आहे? त्यांना साखर आहे. वजनाचं औषध लागलंच तर तपासून मी देईन."

तेव्हापासून आक्कांचं पथ्य सुरू झालं आणि दोघांचं रोज सकाळचं चालणंही.

परवा मी त्यांच्यासोबत होतो. थोडं चालल्यावर पार्वतीआक्कांना दम लागला. पण ओळखीची माणसं बघत होती, त्या थांबायला तयार नव्हत्या. अण्णा कट्ट्यावर बसले आणि गुडघा धरला.

"लई दुखतोय गं. जरा टेकूया."

आक्का शेजारी बसल्या. "म्हातारं झालासा," म्हणाल्या, आणि त्यांचा धडधाकट गुडघा हळूहळू चोळू लागल्या.