कापगते सरांचा चौथा कोश

कापगते सरांना चहा विचारला तरी ते म्हणतात, “पाहून सांगतो.” मग कपात डोकावतात आणि घेतात.

साकोलीजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवतात, मी गणित. त्यांच्या मोटरसायकलच्या कॅरिअरवर सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेले तीन जाडजूड शब्दकोश असतात. त्यांत पाहिल्याशिवाय हा माणूस वर्गात ‘पाणी’सुद्धा उच्चारत नाही. धड्यातल्या प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. वर पुस्तकातला शब्द, मध्ये अर्थ, खाली मुलांच्या घरचा शब्द. आणि तो कुठून घेतला, ते कोपऱ्यात.

खालची ओळ मात्र ते शाळेत कधीच भरत नाहीत. “ते चवथ्या कोशात पाहा लागते,” म्हणतात. हा चौथा कोश आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता.

सर जन्माने एकोडीचे, धानाच्या बांधीत वाढलेले. मी अकोल्याची. तरी धानाच्या रोपांना इथे पऱ्हे म्हणतात, हे मलाही ठाऊक. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, “पाहून सांगतो.” मला रागच आला. सोमवारी केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांसमोर त्यांचा पाठ होता आणि कार्डं सजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

शेवटी रविवारी सकाळी कार्डं आणायला मीच एकोडीला गेले. अंगणात खाटेवर सरांच्या पत्नी सुमनताई उशांना टेकून बसल्या होत्या. वर्षापूर्वी त्यांना लकवा मारला होता, एवढं ऐकून होते. सर समोर उकिडवे, हातात हिरव्यागार रोपांची जुडी.

“सांग ना वो, याले का म्हनते?”

मी तोंड उघडणार, तोच सरांनी हातानेच मला थांबवलं. सुमनताईंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बराच वेळ गेला.

“प... पऱ्हे.”

“नक्की? पुस्तकात तं नाही हे.”

सुमनताई चिडल्या. “पुस्तकाले का समजते!”

सर इतके खूश झाले की त्यांना पेनाचं टोपण सापडेना. कार्डावर ‘पऱ्हे’ लिहिलं आणि कोपऱ्यात ‘सुमन’. मी गठ्ठा चाळला. प्रत्येक कोपऱ्यात तेच नाव होतं.

फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “पऱ्हे मले मालूम नाही का, मॅडम? डॉक्टर म्हनते, बोलतं ठेवा. तीस वर्षं ती बोलत होती अन् मी पुस्तकात डोकं घालून हो हो करत होतो. आता दिवसाले एक शब्द भेटते.”

मी कार्डांचा गठ्ठा पिशवीत जपून ठेवला.

सोमवारचा पाठ छान झाला. मंगळवारी सरांच्या टेबलावर नवं कार्ड. वर ‘लावणी’, खाली कोरं. सध्या खिडकीबाहेर धानाच्या सगळ्या शेतांत तेच चाललंय. मुख्याध्यापक हसले, “सर, एवढंबी येत नाही? मॅडम, तुम्हीच सांगा यायले.”

रोवणी. अगदी जिभेवर होता शब्द.

“मला नाही बाई माहीत,” मी म्हटलं. “सर, घरी पाहून या.”