तारीख न देणारे देवरे सर

देवरे सरांकडे काहीही मागा, पहिलं उत्तर एकच : "कारण?" शिपायानं अर्ध्या दिवसाची रजा मागितली, "कारण?" एका माजी विद्यार्थ्यानं लग्नाची पत्रिका पुढे केली, तरी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, "कारण?"

सर नाशिकच्या एका विधी महाविद्यालयात करिअर मार्गदर्शन कक्ष चालवतात. मी न्यायालयाच्या बातम्या देतो आणि आठवड्यातून एकदा तिथे शिकवायला जातो. आमची ओळख कक्षातल्या चहावरची.

इतर ठिकाणी मुलांकडून मुलाखतीची तयारी करून घेतात. सर तारीख मागायला शिकवतात. नव्या वकिलाला युक्तिवाद कुणी करू देत नाही. वरिष्ठ दुसरीकडे अडकले की उभं राहून पुढची तारीख मागायची, एवढंच त्याचं काम. ते धड जमलं तर पुढचं मिळतं, असं सरांचं म्हणणं. म्हणून ते टेबलावर खुर्ची चढवतात, तिच्यावर न्यायाधीश होऊन बसतात आणि येईल त्याला तारीख नाकारतात. मूळचे नामपूरचे, त्यामुळे रंगात आले की अहिराणीत शिरतात. कुणी जमिनीकडे पाहत तारीख मागितली की, "खाले काय देखस? तारीख तठे लिखेल शे का?"

एकदा बाहेरून व्यक्तिमत्त्व विकासवाले आले. हस्तांदोलन कसं करावं, यावर तासभर बोलले. शेवटी सरांनी विचारलं, "न्यायाधीश वर बसतात. हात कसा पोहोचवायचा?"

सरांची मुलं कोर्टात ओळखू येतात. कारण खरं सांगतात, एका वाक्यात सांगतात आणि थांबतात. सर स्वतः मात्र कधी कोर्टात आले नाहीत. मुलाला फाटकापर्यंत सोडायचं आणि समोरच्या टपरीवर थांबायचं, हा त्यांचा शिरस्ता.

यंदा सुरगाण्याकडची कमल होती. घरातली पहिली वकील. टेबलासमोर उभी राहिली की आवाज बंद. एका वरिष्ठ वकिलांनी तिला सांगितलं होतं, "सोमवारी माझ्या प्रकरणात तारीख घेऊन दाखव, मग ठेवून घेतो." नाही जमलं, तर ती गावी परतणार होती.

सरांनी तिला रोज तारीख नाकारली.

"सर, एकदा तरी द्या की!"

"कारण?"

सोमवारी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. पुकारा झाला. कमल उभी राहिली. शब्द नाही. न्यायाधीशांनी वर पाहिलं. तिनं मान वळवली, तशी मीही वळवली. दारात देवरे सर होते. एक पाय आत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नुसते ओठ हलले.

"साहेब, वरिष्ठ शेजारच्या कोर्टात युक्तिवाद करताहेत," कमल म्हणाली. "पुढची तारीख द्यावी."

मिळाली.

टपरीवर मी सरांना विचारलं, "आज आत कसे?"

सरांनी कोर्टाच्या फाटकाकडे बोट केलं. "मी पण असाच उभा राहिलो होतो. पहिल्याच दिवशी. आवाज फुटेना. मागे वळून पाहिलं, दारात कुणी नव्हतं. नंतर गेलोच नाही."

तेवढ्यात कमल चहा घेऊन आली. "घ्या, सर."

सरांचा चष्मा खाली आला. "कारण?"

"नाही सांगत," ती म्हणाली. टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

सरांनी कप घेतला.