शेपूट शाबूत

फ्रीझरचं झाकण उचललं आणि आर्वोला थेट तळ दिसला. कोपऱ्यात बर्फाचा चुरा तेवढा उरला होता.

शाळेतली शिक्षिका कॉलीन सकाळीच सगळे मासे ट्रकमध्ये भरून घेऊन गेली होती. दर डिसेंबरात शाळेची मुलं मेलेले सॅमन ओढ्यात टाकत. मेलेल्या सॅमनवर माशांची पिल्लं, अस्वलं आणि काठची झाडं कशी पोसतात, ते मुलांनी स्वतःच्या हातांनी शिकावं म्हणून. मासे मत्स्यबीज केंद्राचे, पण ते राहायचे आर्वोच्या शेडमध्ये, कारण हा सगळा उद्योग त्याच्या बायकोचा, हेल्मीचा. "तुम्ही बसा, आर्वो, मी भरते," कॉलीन म्हणाली आणि तो कॉफी ठेवायला आत गेला. चूक झाली ती एवढीच.

तळाशी एक मासा हेल्मीचा होता. गेल्या वर्षी नदीच्या मुखाशी तिनं स्वतः गळाला लावलेला. "आज दमले. उद्या साफ करते," म्हणत तिनं तो आहे तसाच आत ठेवला. त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ती परत आली नाही. तो मासा आर्वोनं खाल्ला नाही, कुणाला दिलाही नाही. अधूनमधून झाकण उघडून बघायचा आणि बंद करायचा.

त्यानं खुंटीवरची छातीपर्यंतची रबरी विजार ओढली. अर्धी चढवल्यावर कळलं की ती हेल्मीची आहे. बदलायला वेळ नव्हता. श्वास आत घेऊन त्यानं बंद लावले.

ओढ्यावर मुलं दोन्ही हातांनी मासे भिरकावत होती.

"कॉलीन! थांबव त्यांना! माझा एक मासा गेलाय त्यात!"

"कसा होता?"

"माशासारखा!"

"आर्वो, इथे सगळेच माशासारखे आहेत."

मग त्याला आठवलं. केंद्राच्या माशांच्या शेपट्या कापलेल्या असतात. नाहीतर ओढ्यातले मासे मोजायला येणारे मोजणीवाले त्यांना अंडी घालायला समुद्रातून स्वतःहून परत आलेले मासे समजतील. तसा मासा या ओढ्यात कित्येक वर्षांत आला नव्हता. हेल्मी दर हिवाळ्यात काठानं हिंडायची. "एक तरी येईल रे," म्हणायची.

"शेपूट आहे त्याला!" असं ओरडून आर्वो पाण्यात शिरला. एक मासा उचलला, बिनशेपटीचा. दुसरा, तोही तसाच. तिसऱ्यासाठी वाकला आणि हेल्मीची विजार मागून टर्रकन उसवली. बर्फासारखं पाणी आत घुसलं, पाय सरकला आणि तो ओढ्यात फतकल मारून बसला.

मुलं भान हरपून बघत होती. एकानं हात वर केला. "मिस, हे अंडी घालून दाखवतायत का?"

"नाही," कॉलीन म्हणाली. "पडलेत."

तेवढ्यात वरच्या वळणावरून टेस नावाची मुलगी किंचाळली, "शेपूट! याला शेपूट आहे!"

सगळा वर्ग धावला. मागून आर्वो, पाण्यानं भरलेले पाय ओढत. काठच्या झाडाच्या मुळांशी चंदेरी मासा अडकला होता. त्यानं पटकन ओळखला. हात घालणार, तोच टेस आडवी आली.

"हात नाही लावायचा! शेपूट शाबूत म्हणजे तो आपला आपण घरी आलाय. जिथे पडलाय तिथेच राहू द्यायचा."

"कुणी सांगितलं?"

"मिसेस लाहतींनी. पहिलीत असताना आम्हाला शपथ घालून ठेवलीय. अशी, हात वर करून."

सगळ्या वर्गानं हात वर केले. आर्वोचा हात पाण्यातच राहिला. लग्न झाल्यापासून मिसेस लाहतींशी, म्हणजे हेल्मीशी, एकाही वादात तो जिंकला नव्हता. आता ती नव्हती, तरीही नाही.

"मिस, आला ना एक?" टेसनं विचारलं.

कॉलीन वाकली. माशाचे कल्ले उचलून तिनं बघितलं आणि मग बराच वेळ आर्वोकडे.

"आर्वो," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "याच्या कल्ल्यात बर्फ आहे. मोजणीत नाही धरता येणार."

"नको धरूस. मुलांनी बर्फाचं विचारलं तर सांग, पाणी थंड आहे," आर्वो म्हणाला, आणि आपला ओला हात त्यानंही मुलांबरोबर वर केला.