अंकुशमामांचा विलायती पिक्चर

अंकुशमामांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, आणि कुठलाही इंग्रजी पिक्चर ते तुम्हाला मराठीत सांगू शकतात. बसस्टँडवर कुणी मोबाइलवर असलं काही बघत असलं की मामा त्याच्या पाठीमागे उभे राहतात आणि न विचारता सुरू करतात, "आता बगा हं."

दोष त्यांच्या नोकरीचा. तरुणपणी ते तंबूतल्या टॉकीजवर मशीन चालवायचे. एकदा मालकाने स्वस्तात एक जुना, काळा-पांढरा विलायती पिक्चर आणला. उमापूरच्या पब्लिकला तो कळणार कसा? म्हणून माइक मामांच्या हातात दिला. तो माइक त्यांनी आजतागायत खाली ठेवलेला नाही.

पिक्चर असा: एक माणूस खून करून पळतो आणि एक अनाथ पोर त्याच्या गळ्यात पडतं. सुदामच्या चहाच्या हॉटेलात मामा रोज संध्याकाळी तो सांगत. त्यांचा गोरा खुनी पोराला भाकरी-ठेचा भरवायचा, थंडी वाजली की त्याच्या कानाला गमछा गुंडाळायचा. पोलिसांची जीप हमखास काळ्या मातीत फसायची. शेवटी दोघं होडीत बसून पार पलीकडे. "पोरगं बी सुटलं, मानूस बी सुटला." मग सुदाम त्यांच्यापुढे चहा ठेवायचा.

मी बदलीवर उमापूरला आलेला मास्तर. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवल्याशिवाय आम्हाला अन्न गोड लागत नाही. मी तो पिक्चर मोबाइलवर शोधून काढला आणि एका संध्याकाळी भर हॉटेलात त्याचा शेवट सगळ्यांना दाखवला. पोराला ताप भरतो. माणूस होडी माघारी वळवतो आणि त्याला उचलून पोलिसांसमोर जातो. "मामा, इतकी वर्षं थापा मारल्यात की," असं म्हणून मी हसलो. बाकी कुणीच हसलं नाही. मामांनी मोबाइलकडे पाहिलंही नाही, ते सुदामकडे बघत होते. मग काठी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. सुदाम सहा वर्षांचा असताना बांधाच्या भांडणात त्याच्या बापाच्या हातून खून झाला होता. पोराला घेऊन तो पळाला आणि मामांच्या तंबूत दडला. पोर तापाने फणफणलं. त्याला घेऊन रानोमाळ हिंडणं शक्य नव्हतं. बापाने त्याला मामांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः चौकीत हजर झाला. तुरुंगातच वारला. मामांनी लग्न केलं नाही, सुदामला वाढवलं, आणि बाप सुटून लांब गेलाय असंच त्याला सांगत आले. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि सगळं गाव गप्प होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी माफी मागायला गेलो, तर मामा आले नव्हते. सुदाम स्टोव्हला पंप मारत हळूच म्हणाला, "सर, बापाचं मला शाळंत असतानाच कळालंतं. मामाला म्हाईत न्हाई. सांगताना त्यायला लई बरं वाटतं, म्हनून मी ऐकतो."



एवढ्यात मामा येऊन बाकावर बसले. काल सरांनी भलताच पिक्चर दाखवला, असं सुदामने त्यांना सांगून टाकलं आणि आपला पिक्चर सांगा म्हणून गळ घातली. हो-नाही करत मामांनी सुरुवात केली. भाकरी झाली, जीप फसली, दोघं होडीत बसले. तिथे मामा थांबले आणि माझ्याकडे बघू लागले, उत्तर विसरलेलं पोर वर्गात बघतं तसे.

"मग होडी पलीकडे जाते, मामा," मी म्हणालो.

"आन् पोरगं?"

"पोरगं सुटतं. माणूसही सुटतो."

मामांनी मान हलवली. सुदामने त्यांच्यापुढे चहा ठेवला, मग माझ्यापुढेही ठेवला. तो कप उचलायला मला बराच वेळ लागला.