नायेफने दिलेला शब्द

नायेफच्या आईला घराबाहेर काढायला तिघं लागली. नवरा बॅग घेऊन जिन्यात उभा होता, मुलगी हनीन तिच्या मुठीतून फोन सोडवत होती, आणि केंद्रातून आलेली इतिदाल दारात आडवी उभी राहून समजावत होती, "बाई, विसावा म्हणजे विसावा. फोन इथेच राहील. दोन दिवस मृत समुद्रात तरंगून या. तिथे बुडायची सोयच नाही."

"पण रात्री त्याचं पांघरूण सरकतं, तेव्हा..."

"आई," नायेफ म्हणाला, "मी चौतीस वर्षांचा आहे. जा आता."

नायेफला जन्मापासून डाउन सिंड्रोम होता, आणि आईबापांनी इतक्या वर्षांत त्याला सोडून एक रात्रही बाहेर काढली नव्हती. जॉर्डनमधल्या सल्त शहरातल्या एका संस्थेने अशाच घरांसाठी सोय केली होती. संस्थेची शिकलेली बाई घरी येऊन राही, किंवा मुलांना दिवसभर केंद्रात नेई. तेवढा वेळ घरच्यांनी श्वास घ्यायचा.

या विसाव्यामागे मात्र सुहैलमामाचं डोकं होतं. पुढच्या शुक्रवारी हनीनसाठी जाहा येणार होती, म्हणजे मुलाकडची वडीलधारी मंडळी गाड्या भरभरून मागणी घालायला येणार होती. याआधी दोन घरची माणसं अशीच बघायला येऊन गेली होती. दोन्ही वेळा त्यांनी चहा घेतला, नायेफला पाहिलं आणि परत कधी फोन केला नाही.

"त्या दिवशी त्याला केंद्राच्या सहलीला पाठवा," मामा म्हणाला होता. "आधी सवय म्हणून त्या बाईला दोन दिवस घरी ठेवून बघा. लपवायचं नाही गं त्याला. फक्त दिसू द्यायचं नाही."

यावर आई रडली. हनीनने मामाशी बोलणं टाकलं. बाप गप्प राहिला आणि त्याचं गप्प राहणं सगळ्यांनी होकार म्हणून धरलं. नायेफने एकच गोष्ट विचारली, "मग कॉफी कोण देणार?" मिसरूड फुटल्यापासून या घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कॉफी त्यानेच दिली होती.

आईबाप गेले त्याच संध्याकाळी कपाटात ठेवलेला आईचा फोन वाजला. नायेफने तो उचलला. पलीकडे मुलाकडचे कुणी होते. ते अजिजीने म्हणाले, "जाहाचं नेतृत्व आमच्या घरचे सेनापती, बाशा करणार आहेत, आणि त्यांना पुढच्या आठवड्यात परदेशी जावं लागतंय. आम्ही उद्याच आलो तर चालेल का? गैरसोय होत असेल तर स्पष्ट सांगा."

पाहुणा येऊ का विचारतो, त्याला नाही कसं म्हणायचं, हे नायेफला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. खरं तर त्या गावात ते कुणालाच येत नाही. "या, या," तो म्हणाला. "घर तुमचंच आहे."

मग त्याने इतिदालला नीट सांगितलं, "उद्या पाहुणे येणार आहेत."

"किती?"

"बरेच."

इतिदालला वाटलं, केंद्रातले मित्र असतील. तिने एक केक केला. शुक्रवारी सकाळपासून नायेफ कॉफी कुटत, वेलची सोलत आणि छोटे पेले पुसून ओळीत लावत होता. दुपारी तो सूट घालून आणि टाय बांधून बाहेर आला, तेव्हा प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, "वा! किती छान! पाहुणे-पाहुणे खेळायचं का आपण?"

नायेफने तिच्याकडे दयेने पाहिलं.

नमाज आटोपल्यानंतर थोड्याच वेळात गल्लीत गाड्यांची रांग लागली. हनीन डोक्यावर मेंदी थापून खिडकीत बसली होती. तिने खाली पाहिलं आणि ती किंचाळली, "इतिदालताई! खाली बाशा का उभा आहे?"

"कुठला बाशा?"

"माझ्या जाहाचा! ते पुढच्या शुक्रवारी येणार होते!"

हनीनने आधी मामाला फोन केला आणि मग हॉटेलला. हॉटेलवाल्यांनी आईबापांचं नाव किनाऱ्यावरच्या भोंग्यावरून पुकारलं. पण मृत समुद्राहून सल्तला यायला वेळ लागतो आणि जाहा तर जिना चढत होती. सल्तचे जिने सेनापती आणि हमाल यांच्यात भेद करत नाहीत. निवृत्त सेनापती बाशा दाराशी पोचले तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. मागे वीसेक प्रतिष्ठित माणसं भिंत धरून उभी होती.

"स्वागत आहे, बाशा," नायेफ म्हणाला. "सावकाश. आधी बसा, मग बोला."

बाशांनी त्याला पाहिलं आणि त्याच्या खांद्यावरून आत नजर टाकली. "अबू नायेफ कुठे आहेत?"

"बाबा समुद्रावर गेलेत. अबू नायेफ म्हणजे नायेफचा बाप. तो नायेफ मी. या."

मंडळी आत येऊन बसली. तेवढ्यात मागच्या दाराने, घरातल्या सपाता घातलेला सुहैलमामा धापा टाकत आला आणि नायेफच्या कानाशी लागला. "तू आत जा बघू. इथे मी बसतो. आत तुला केक देतो."

"मामा," नायेफ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आधी पाहुण्यांना. मग तुला."

बैठकीत कुणीतरी खोकला. बाशा म्हणाले, "घरधन्यांना कुठे नेताय?" मामाचा चेहरा कॉफीच्या रंगाचा झाला. नायेफने त्याच्या हातात दुसरी किटली दिली. "खाली गाड्यांपाशी चालक आहेत. त्यांना देऊन ये." भाच्याला लपवायला निघालेला मामा सपाता फटफटवत जिना उतरला.

नायेफने डाव्या हातात किटली धरली, उजव्या हातात पेला घेतला आणि तो तळाशी थोडासाच भरला, कारण काठोकाठ भरलेला पेला म्हणजे 'प्या आणि निघा'. बाशांनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. मागणी मान्य झाल्याशिवाय कॉफी पिणार नाही, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी भाषण केलं. दोन घराण्यांची महती, पूर्वजांचे घोडे आणि मुलाचं शिक्षण एवढं सगळं त्यात आलं. शेवटी ते म्हणाले, "आमच्या उबैदासाठी आम्ही तुमच्या हनीनचा हात मागतो."

सगळे नायेफकडे पाहू लागले.

"विचारून येतो," नायेफ म्हणाला आणि आत गेला.

मोठमोठ्या जाहा पाहिलेल्या त्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीची संमती नेहमी आधीच घेऊन ठेवलेली असते. भर बैठकीतून उठून कुणी विचारायला जात नाही. दारामागून आवाज आला, "हो म्हण ना, वेड्या! माझी मेंदी डोळ्यांत जातेय!"

नायेफ परत आला. आता तो काय ते बोलेल म्हणून सगळे पुढे झुकले. त्याच वेळी मामा किटली घेऊन वर आला.

"सगळ्यांना दिली?" नायेफने विचारलं.

"दिली. शेवटच्या गाडीत एक जण आहे, तो काच खाली करत नाही. वर येणार नाही म्हणतात. त्याचे गुडघे दुखतात."

बाशा जरा घाईने म्हणाले, "तो माझा धाकटा भाऊ, दिरार. त्याला तिथेच बसू द्या. बेटा, तू आपलं बोल."

नायेफने किटली खाली ठेवली. "पाहुणा गाडीत आणि शब्द घरात? आमच्याकडे असं नसतं."

"अरे, पण त्याचे गुडघे..."

"मी धरून आणतो."

वीस माणसं गार होत चाललेल्या कॉफीसमोर बसून राहिली. मग जिन्यात पावलं वाजली. दिरार एकेक पायरी सोडून पळत वर आला. मागे राहिलेला नायेफ "सावकाश, सावकाश" म्हणत होता. दिरार पन्नाशीचा होता आणि त्याने कडक इस्त्रीचा सूट घातला होता. चेहऱ्याची ठेवण नायेफसारखीच, तेच डोळे, तेच हसू. तो हात पुढे करून प्रत्येकाशी हस्तांदोलन करत सुटला. मामासमोर तो आला तेव्हा मामाने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाशा जमिनीकडे पाहत म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही लोक काय म्हणाल."

उबैदा आणि हनीन एकाच इस्पितळात काम करत. त्या दोघांना दोन्ही घरची गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

नायेफने दिरारला बाशांच्या शेजारी बसवलं, त्याच्या हातात पेला दिला आणि मग सरळ उभा राहून बापाच्या आवाजात म्हणाला, "बाशा, कॉफी घ्या. जे मागायला आलात ते दिलं."

आतून इतिदालने आनंदाची पहिली आरोळी ठोकली. प्रशिक्षणात ती शिकवलेली नव्हती.

शब्द पक्का करणारी कुराणातली फातिहा वाचून झाली, केकचे तुकडे बोटाएवढे करून वाटले गेले, तेव्हा कुठे आईबाप पोचले. आईच्या मानेवर समुद्राचा काळा चिखल वाळला होता. बापाने कोट घातला होता, पण पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता होत्या. बाशा उठून म्हणाले, "अबू नायेफ, मी राजांच्या वतीनेसुद्धा बोललो आहे. पण मला कुणी इतका वेळ ताटकळत ठेवलं नव्हतं. मुबारक असो."

बापाने बैठकीच्या अग्रभागी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. बापासाठी तिथे जागा केली होती, पण तो तिकडे गेला नाही. तो दाराजवळ, पाहुण्यांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी जाऊन बसला. नायेफने त्यालाही पेला दिला. बापाने तो न पिता समोर ठेवला.

मंडळी पुन्हा पुढे झुकली.

"घरधनी," बाप म्हणाला, "माझंही एक मागणं आहे. पुढच्या शुक्रवारी तुला सहलीला पाठवायचं मी ठरवलं होतं. माझं चुकलं. तू जाऊ नकोस, घरीच राहा."

नायेफने नीट विचार केला.

"नाही जमणार, बाबा."

"का रे?"

"मी जिन्यात दिरारला सांगितलं, तूही चल. तो हो म्हणाला. शब्द दिलाय." त्याने वाकून बापासमोरचा पेला उचलला. "हा राहू दे. मागणं मान्य नाही."

सल्तमध्ये ज्याची कॉफी अशी परत जाते, तो माणूस महिनाभर तोंड लपवून फिरतो. अबू नायेफ दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारात गेला आणि आधी न्हाव्याच्या, मग वाण्याच्या, मग चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बसून, आपल्याला कसं भर बैठकीत नाकारलं, ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत राहिला.